खिचडीवर तेल की तूप

आमच्या घरी खिचडीचा कुकर एकच लागतो, मात्र शेवटची शिट्टी झाल्यापासून ताटे वाढून होईपर्यंतच्या दहा मिनिटांत टेबलावर जे काही जमा होते, ते पाहून परक्या माणसाला वाटावे की या घरात दोन वेगवेगळे स्वयंपाक झाले आहेत. पत्नीच्या बाजूला साजूक तुपाची वाटी, मेतकुटाची लहान बरणी, लिंबाच्या फोडी आणि भाजलेला पोह्याचा पापड असतो. माझ्या बाजूला शेंगदाण्याच्या तेलाची किटली, लाल मिरचीचा ठेचा, चिरलेला कांदा आणि तळलेली बिबडी असते. मधोमध खिचडीचे पातेले. लग्नाला येत्या फेब्रुवारीत चोवीस वर्षे होतील आणि या काळात आम्ही घर दोनदा बदलले, टेबल एकदा बदलले, परंतु कोणती वाटी कोणत्या बाजूला ठेवायची यात बदल झालेला नाही.

मी जळगाव जिल्ह्यातला, तापीकाठच्या एका गावातला, आणि पत्नी राजापूर तालुक्यातली. आमच्याकडे खिचडी म्हणजे तुरीच्या डाळीची, लसूण, शेंगदाणे आणि लाल तिखट घातलेली, शीत मोडले तरी गोळा न होणारी. तिच्याकडे खिचडी म्हणजे मुगाच्या डाळीची, हिंग-हळदीची, चांगली आसट, पळीतून हळूच घसरणारी. पुण्यात संसार मांडल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच पातेल्यापुरता तह झाला: डाळ मुगाची, पण फोडणीत लसूण, आसट, पण पाणी थोडे कमी. हा तह दोघांनाही पूर्ण पसंत नव्हता आणि म्हणूनच तो टिकला असावा. खरा वाद उरला तो वरून काय घ्यायचे याचा, आणि तो मिटवण्याची गरज कोणालाच भासली नाही, कारण वरून घ्यायचे ते ज्याचे त्याने आपल्या ताटात घ्यायचे असते. पातेल्यातले स्वयंपाक करणारा ठरवतो. ताटातल्या त्या शेवटच्या चमच्यावर जेवणाऱ्याचा अधिकार असतो, आणि माणसे या अधिकाराबाबत किती हळवी असतात, हे ज्याने दुसऱ्याच्या खिचडीवर न विचारता तूप वाढले आहे त्याला ठाऊक असेल.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना खिचडीवर कच्चे तेल घेण्याची कल्पना विचित्र वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. आमच्या भागात संध्याकाळच्या जेवणाला खिचडी हे काही आजाऱ्याचे किंवा घाईचे अन्न नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा ती होतेच, आणि शेतातून उशिरा आलेल्या माणसाला तीच हवी असते. वाफाळलेली खिचडी ताटात पडली की वडील बोटांनी तिच्या मधोमध आळे करीत, जसे आपण भाताला वरणासाठी करतो तसे, आणि त्यात किटलीतून तेलाची धार सोडीत. आळ्यात साठलेले तेल खालच्या वाफेने कोमट होऊ लागले की त्याचा वास वर येई. मग कडेची खिचडी घासाघासाने त्यात ओढायची, एकदम सगळी कालवायची नाही. एकदम कालवली तर शेवटच्या घासापर्यंत चव एकसारखी लागते, असे वडील नापसंतीने म्हणत. त्यांना पहिला घास तेलकट, मधला तिखट आणि शेवटचा जवळजवळ कोरडा असा हवा असे, आणि त्या कोरड्या घासाबरोबर ते कांद्याची शेवटची पाकळी खात.

हे तेल घाण्यावरचे असे. पावसाळ्यानंतर भुईमूग निघाला, शेंगा वाळल्या, दाणे फोडून झाले की त्यांतली एक-दोन पोती तालुक्याच्या घाण्यावर जात आणि तेलाचे डबे व बैलांसाठी पेंड घरी येई. ताज्या तेलात गाळ असतो, त्यामुळे डबा काही दिवस न हलवता कोपऱ्यात ठेवावा लागे. गाळ खाली बसून वरचे तेल निवळले की आजी ते किटलीत काढी, आणि त्या संध्याकाळी घरात भाजी-भाकरी होत नसे, खिचडीच होई. नव्या तेलाची परीक्षा घ्यायची ती गरम खिचडीवर, भाजीच्या फोडणीत नव्हे, हा तिचा नियम होता. तिने त्याचे कारण कधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. मला ते कळायला पुण्यात येऊन एक संसार मांडावा लागला.

पत्नीने माझ्या ताटातले तेल पहिल्यांदा चाखले ते आमच्या भाड्याच्या घरात, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. मी मोठ्या उत्साहाने तिच्या खिचडीत आळे करून दिले आणि त्यात तेल ओतले. तिने एक घास घेतला, तो कसाबसा गिळला आणि विचारले, "तुमच्याकडे दिव्यात घालायचे तेल जेवणातही घेतात का?" मला राग आला. रागाच्या भरात मी तिच्या मेतकुटाचा उद्धार केला, कारण मेतकूटही मी तोपर्यंत एकदाच खाल्ले होते, वसतिगृहात, कोणाच्या तरी कपाटात वर्षभर उघड्या राहिलेल्या पाकिटातले, आणि त्याची चव मला हळदीत कालवलेल्या खडूसारखी लागली होती. ते वाक्य मी तसेच्या तसे बोललो. त्या रात्री दोघेही आपापल्या बाजूचे काहीही न घेता नुसती खिचडी जेवलो, आणि ती खिचडी आमच्या आयुष्यातली सर्वांत बेचव खिचडी होती, याबद्दल मात्र आमचे आजही एकमत आहे.

चूक कोणाची होती? तेलापुरती सांगायची तर माझी होती, आणि ती मला त्या वर्षीच्या दिवाळीनंतर उमगली. भाऊ गावाहून येताना घाण्याच्या तेलाचा पाच लिटरचा डबा घेऊन आला. डब्याचे झाकण उघडताच पत्नी ओट्यापासून वळली आणि तिने विचारले, "शेंगदाणे कोण भाजते आहे?" तेव्हा लक्षात आले की पावसाळ्यात मी तिच्या ताटात जे ओतले होते ते किराण्याच्या दुकानातले पिशवीतले रिफाइंड सूर्यफुलाचे तेल होते. रिफाइंड तेलाला वास नसतो, आणि तो नसावा यासाठीच त्याच्यावर प्रक्रिया केलेली असते. त्यातला चिकट अंश आणि आम्ले काढतात, रंग उतरवतात, आणि शेवटी निर्वात टाकीत दोनशे अंशांहून अधिक तापमानाला त्यातून वाफ सोडून उरलेसुरले गंधद्रव्यही उडवून लावतात. तळणासाठी हे तेल सोयीचे असते, कारण ते पदार्थाच्या चवीत लुडबुड करीत नाही. परंतु खिचडीवर कच्चे घ्यायच्या तेलाने लुडबुड करावी, एवढ्यासाठीच तर ते घ्यायचे असते. बिनवासाचे तेल खिचडीवर घेणे म्हणजे नुसता ओशटपणा घेणे होय, आणि पत्नीने तो घास गिळला हेच तिचे सौजन्य होते.

आजीचा नियमही तेव्हाच उमगला. फोडणीत तेल तापते, त्यात मोहरी तडतडते, हिंग पडतो, लसूण लाल होतो. या गोंधळात तेल जुने आहे की ताजे, शुद्ध आहे की भेसळीचे, हे सहज झाकले जाते. खिचडीवर वरून पडणाऱ्या वस्तूला असा आडोसा मिळत नाही. खवट तेल, जळका वास लागलेले तूप, सर्दावलेले मेतकूट, मऊ पडलेला पापड, हे सगळे पहिल्याच घासाला पकडले जाते. मला वाटते की वरून घ्यायच्या आवडी प्रांताप्रांतात इतक्या वेगळ्या का, याचे निम्मे उत्तर इथे आहे. जिथे जी वस्तू ताजी आणि खात्रीची मिळते, तीच माणसे उघडी-वाघडी खायला धजावतात. खानदेशात भुईमूग आणि घाणा गावाच्या आवाक्यात होता, म्हणून तिथे कच्चे तेल ताटात आले. राजापूरच्या बाजूला शेंगदाण्याचे तेल आले ते दुकानातून, आणि दुकानातल्या डब्याचे वय कोणाला ठाऊक असते? तिथे घरच्या दुभत्याचे तूप होते, माडाचा नारळ होता. उरलेले निम्मे उत्तर सवयीचे आहे, आणि सवयीपुढे युक्तिवाद चालत नाही. घाण्याच्या तेलाचे पत्नीने मनापासून कौतुक केले, त्यात लसणाची चटणी कालवली, लोणच्यासाठी एक बाटली बाजूला काढली. खिचडीवर मात्र त्या दिवशीही तूपच घेतले.

या वादात इतिहासाला साक्षीला बोलावण्याचा उद्योग मी काही वर्षांपूर्वी केला आणि तो माझ्या अंगाशी आला. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने लिहून ठेवले आहे की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, त्यावर तूप घालून खातात आणि याला 'किश्री' म्हणतात. त्यांची रोजची न्याहारी हीच असते. तूप, असे पत्नीने शांतपणे अधोरेखित केले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातील खिचडीचे प्रमाण दिले आहे, त्यात तांदूळ ५ शेर, डाळ ५ शेर आणि तूपही ५ शेर आहे. इतक्या तुपात खिचडी तरंगत असणार, आणि तिच्यावर वरून घ्यायला जागाच उरत नसणार, असे मी म्हणून पाहिले. पत्नीने ते कानावर घेतले नाही.

मग मला अफनासी निकितीन सापडला. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौल बंदरात उतरला, तिथून जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तिथे अडकून पडला. त्याने घोड्यांच्या खुराकाबद्दल लिहिताना म्हटले आहे की इथे घोड्यांना हरभरे घालतात आणि साखर व 'मास्लो' घालून खिचडी शिजवून चारतात. मी ही ओळ विजयी मुद्रेने वाचून दाखवली, कारण माझ्यासमोरच्या भाषांतरात तेल असा शब्द होता. त्यावर पत्नी म्हणाली की ती घोड्यांची खिचडी आहे, तेव्हा तुम्ही ती खुशाल आपल्या बाजूला लावून घ्या. पुढे एका रशियन जाणणाऱ्या मित्राला विचारले, तर तो हसला आणि म्हणाला की रशियन भाषेत 'मास्लो' म्हणजे तेलही होते आणि लोणीही. साडेपाचशे वर्षांपूर्वी जुन्नरच्या घोड्यांच्या खिचडीत नेमके काय पडत होते, हा प्रश्न त्यामुळे आमच्या घरातल्या प्रश्नासारखाच लोंबकळत राहिला आहे.

मेतकुटाबद्दलचे माझे मत बदलले ते २०१४ साली डेंग्यू झाला तेव्हा. ताप उतरल्यानंतरच्या आठवड्यात तोंडाला चव म्हणून नव्हती, तिखटाचा वासही सहन होत नव्हता आणि तेल नुसते पाहिले तरी मळमळत असे. पत्नीने तांदळाचा गुरगुट्या भात केला, त्यावर चमचाभर तूप सोडले आणि सासूबाईंनी नुकतेच पाठवलेले मेतकूट बोटांच्या चिमटीने वरून भुरभुरले. तूप वितळत खाली उतरत होते आणि त्याच्या मार्गात आलेले मेतकूट ओले होऊन गडद पिवळे पडत होते. जिथे तूप पोहोचले नव्हते तिथे ते फिके आणि कोरडे राहिले होते. पहिल्या घासाला भाजलेल्या डाळीची चव आली, मग मागून सुंठ आणि हिंग, आणि घास गिळल्यावर जिभेच्या मुळाशी मेथीचा अगदी पुसट कडवटपणा. वसतिगृहातल्या त्या खडूचा या वस्तूशी काही संबंध नव्हता. सहा दिवस मी दोन्ही वेळा तेच जेवलो आणि सातव्या दिवशी, चांगले वाटू लागल्यावर, तेलाची किटली मागितली. पत्नीने ती दिली, पण काही न बोलता दिली, आणि ते न बोलणे मला पुष्कळ दिवस पुरले.

पुढे राजापूरला गेलो असताना सासूबाईंना मेतकूट करताना पाहिले. त्यांच्या हिशेबात दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी-अर्धी वाटी तांदूळ व गहू, आणि मग धणे, जिरे, मेथ्या, मोहरी, सुकी मिरची, सुंठ, हळद, हिंग असतात. यांतली प्रत्येक वस्तू त्या वेगळी भाजतात, कारण प्रत्येकीचा भाजण्याचा वेळ वेगळा. हरभऱ्याची डाळ मंद आचेवर रेंगाळते. मेथ्यांना मात्र डोळ्यांची पापणीही लववू द्यायची नसते, त्या लालसर झाल्या की लगेच उतरवायच्या, काळपट झाल्या तर बरणीभर मेतकूट कडू होते. दळून झाल्यावर ते चाळून, गार करून, कोरड्या काचेच्या बरणीत. कोकणातल्या पावसात ते सर्दावते, म्हणून एका वेळी थोडेच करायचे. एवढे सगळे पाहिल्यावर मी त्यांना विचारले की हे सगळे जिन्नस शिजवतानाच भातात घातले तर चालणार नाही का. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी आजीच्या डोळ्यांतही पाहिली होती, खिचडीच्या फोडणीतच जास्तीचे तेल घालावे असे मी लहानपणी सुचवले होते तेव्हा.

पापडाचा तंटा तुलनेने लहान आहे, पण अधिक कडवा आहे. पत्नी पापड भाजते, ताटाच्या कडेला उभा ठेवते आणि दर दोन-तीन घासांनी त्याचा तुकडा मोडते, म्हणजे शेवटपर्यंत कुरकुरीतपणा हाताशी राहतो. मी बिबडी तळतो आणि पहिल्याच क्षणी तिचा खिचडीवर चुरा करतो. बिबडी म्हणजे ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचा, तीळ-लसूण-मिरची घालून शिजवलेल्या घाट्याचा, कापडावर थापून उन्हात वाळवलेला पापड. तो पोह्याच्या पापडापेक्षा जाड असतो आणि खिचडीच्या वाफेत लगेच मान टाकत नाही. चुऱ्याचे काही तुकडे तेल पिऊन मऊ होतात, काही तसेच राहतात, आणि कोणत्या घासाला काय येईल याचा भरवसा नसतो. पत्नीच्या मते हा पापडाचा अपमान आहे. पोह्याच्या पातळ पापडाच्या बाबतीत तिचे म्हणणे मला पटते, कारण तो चुरला की दोन मिनिटांत लगदा होतो. बिबडीच्या बाबतीत मी ठाम आहे.

दोघांच्या या भांडणात आम्हाला आपापले पाठीराखेही मिळत गेले. माझ्या बाजूला विदर्भ उभा आहे, असे मी नेहमी सांगतो. तिथे गोळाभातावर किंवा वडाभातावर हिंग, मोहरी आणि लाल मिरचीच्या फोडणीचे गरम तेल ओततात आणि त्याला कोणी दिव्याचे तेल म्हणत नाही. पत्नी यावर अचूक बोट ठेवते की ते तेल कच्चे नसून फोडणीचे आहे. तिच्या बाजूला उभा राहणारा दक्षिण कोकण आणि गोवा तर तूपही बाजूला सारतो: उकड्या तांदळाची पेज, आणि तिच्याबरोबर मिठाच्या पाण्यात मुरलेली कैरी, खारातली मिरची किंवा भाजलेला सुका बांगडा. पातळ, फिक्या, कोमट पेजेच्या शेजारी इतके खारट आणि उग्र काहीतरी ठेवण्यात जे शहाणपण आहे, त्यापुढे आमचे दोघांचेही पक्ष मला बाळबोध वाटतात. शेजारचे गुजराती कुटुंब खिचडीवर कढी ओतते, आणि त्यांचे आजोबा रात्री खिचडीत गार दूध घेतात. ते पाहताना मला आणि पत्नीला एकाच वेळी धक्का बसला होता, ही आमच्या संसारातली एक दुर्मीळ एकजूट. कार्यालयातले बंगाली सहकारी पाऊस लागला की खिचुडीबरोबर तळलेल्या हिलसा माशाच्या आठवणीने व्याकूळ होतात आणि हिलसा नसेल तेव्हा आमलेटवर समाधान मानतात. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी दिल्लीत ९१८ किलो खिचडी एकाच कढईत शिजवून विक्रम करण्यात आला, तेव्हा खिचडी हे राष्ट्रीय अन्न ठरणार की काय अशी चर्चा दोन दिवस रंगली होती. मला तेव्हा वाटले होते की पातेल्यापर्यंत देशाचे एकमत एक वेळ होईलही. ताटात वाढल्यावर ते पुढच्या मिनिटाला मोडेल.

टोमॅटो सॉस आणि किसलेले चीज यांच्याविषयी मी इथे सहिष्णुता दाखवणार नाही. सॉसमधली साखर आणि व्हिनेगर मिळून डाळीची चव पुसून टाकतात, आणि चीज गार झाल्यावर खिचडीला दोऱ्यांनी बांधून टाकते. हे मत मी मुलीला पुष्कळदा ऐकवले आहे. ती सतरा वर्षांची आहे आणि तिने दोन्ही पक्षांना नकार देऊन तिसराच मार्ग काढला आहे: तिच्या खिचडीवर बाजारातल्या काचेच्या बरणीतले चायनीज पद्धतीचे तिखट तेल असते, ज्यात तळलेल्या लसणाचे आणि मिरचीचे कुरकुरीत तुकडे तळाशी बसलेले असतात. पहिल्यांदा ती बरणी टेबलावर आली तेव्हा मी आणि पत्नीने एकमेकांकडे पाहिले. योगायोगाने त्या वेळी माझी आई आमच्याकडे आली होती. तिने बरणी उचलली, झाकण काढून वास घेतला, चमच्याने तळ ढवळला आणि नातीला विचारले, "हे विकत आणलेस? लसणाच्या फोडणीचे तेल?" त्यानंतर तिने लोखंडी पळीत तेल तापवले, त्यात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या कडा लाल होईपर्यंत तळल्या, पळी उतरवून मग त्यात मिरचीची पूड टाकली, जेणेकरून ती करपू नये, आणि ते चरचरते तेल नातीच्या खिचडीवर ओतले. नातीने ते संपवले, चांगले आहे असेही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बरणी उघडली. आईला याचे वाईट वाटले असेल, असे मला वाटले होते. पण तिने बरणीतले तेल स्वतःच्या ताटात चमचाभर घेऊन पाहिले आणि मीठ जास्त आहे, एवढाच अभिप्राय दिला.

आई आता ऐंशीच्या जवळ पोहोचली आहे. दाढा उरलेल्या नाहीत, त्यामुळे बिबडी सुटली आणि तुरीच्या डाळीची मोकळी खिचडीही सुटली. गेल्या दिवाळीत ती आली, तेव्हा पत्नीने तिच्यासाठी रोज संध्याकाळी आसट खिचडी केली, राजापूरच्या पद्धतीने, लसणाशिवाय. एका संध्याकाळी आईचे लक्ष मेतकुटाच्या बरणीकडे गेले. इतकी वर्षे ती बरणी तिच्यासमोर असूनही तिने कधी हात लावला नव्हता. तिने चमचाभर मेतकूट ताटात घेतले, त्याला बोटाने आळे केले आणि किटलीतून तेलाची धार सोडली. मग ते दोन्ही नीट कालवून त्याची पिवळीधमक, ओलसर गोळी केली आणि ती खिचडीच्या घासाला लावून खाल्ली.

"आई, त्यात तूप घालतात," पत्नी म्हणाली.

"घालत असतील," आई म्हणाली आणि किटलीकडे पुन्हा हात नेला. ती तिच्या हाताला पोहोचत नव्हती. पत्नीने ती उचलून तिच्या बाजूला ठेवली.